लखन-कबऱ्याची गाडी

बँकेनं माझी कुरखेड्याला बदली केली तेव्हा मी ज्या माणसाकडे खोली पाहायला गेलो, त्यानं मला पगार विचारला नाही, जात विचारली नाही, लग्न झालंय का हेही विचारलं नाही. धानाच्या गिरणीच्या दारात उकिडवा बसून तो एका लोखंडी नळकांड्याला डिझेलनं आंघोळ घालत होता. मान वर न करता म्हणाला, "दोन सिलिंडरचा आवाज सहन होते का?"

मी वरोऱ्याचा. कापसाच्या जिनिंगशेजारी लहानाचा मोठा झालेला. आवाजाचं मला काय सांगता, अशा तोऱ्यात मी 'होतो की' म्हणालो. दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या खोलीतला आरसा आपणहून भिंतीवरून खाली आला, तेव्हा त्या प्रश्नामागची कळकळ माझ्या लक्षात आली.

आमच्या या घरमालकांना गाव 'गिरणीवाले भाऊ' म्हणायचं. गिरणी वडिलांपासूनची होती आणि तिच्यावर घर चालत होतं, पण ती चालवणं हा भाऊंच्या मते जोडधंदा. मुख्य धंदा म्हणजे मोटरसायकल बांधणं. गिरणीच्या अर्ध्या शेडमध्ये धान भरडायचं यंत्र, अर्ध्यात ही मोटरसायकल. दोन्हींवर कोंड्याचा सारखाच थर. धान भरडायला आलेल्या माणसाला आधी गाडीचा आवाज ऐकून मत द्यावं लागे. "कोण्या बाजूनं लंगडून राह्यली, सांग," असं भाऊ विचारत. माणूस अंदाजानं 'डावी' म्हणाला तर त्याचं पोतं आधी लागे. 'उजवी' म्हणणाऱ्याला दुपारपर्यंत बसवून ठेवत. लोक हुशार. महिन्याभरात सगळा तालुका 'डावी' म्हणायला शिकला, आणि भाऊंना वाटलं की आपलं निदान आता सर्वमान्य झालंय.

घरात खरी कुठे जाणारी गाडी एकच होती, ती म्हणजे त्यांच्या बायकोची स्कूटी. त्या आरोग्य उपकेंद्रात नर्स. लस, गोळ्या, वजनकाटा घेऊन जंगलातल्या गावागावांतून उन्हापावसात फिरायच्या. सगळा तालुका त्यांना सिस्टर म्हणे, आणि त्यात घरमालकही आले. "सिस्टर, चहा ठेव ना," असं नवऱ्याच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी चपापलो. पण गावात कुणालाच त्यात वावगं वाटत नव्हतं, तेव्हा मीही वाटून घेणं सोडलं.

आता गाडीबद्दल. ती होती जुन्या काळातली, दोन सिलिंडरची, धूर सोडत पळणारी मोटरसायकल. ऐन जवानीत फार गाजलेली. भाऊंनी लग्नात नवरीला याच गाडीवर बसवून आणलं होतं. पुढे पहिल्याच वर्षी ते दिवाळसणाला सासरी निघाले. सासर जंगलातलं, आणि गावाच्या अलीकडे एक नाला. नाल्यावरचा पूल तेव्हा मंजूर झालेला होता, आजही मंजूरच आहे. तर त्या नाल्यात गाडी बंद पडली. किक मारून मारून भाऊंची चप्पल वाहून गेली. शेवटी गावातून सासरे आले, सोबत त्यांची पटाची बैलजोडी. पट म्हणजे आमच्याकडची बैलजोड्यांची शर्यत, शंकरपट. सासरे म्हणजे त्या भागातले नावाजलेले पटवाले. त्यांनी गाडीला दोर बांधला आणि जावयाला गाडीवर बसवून, लेकीला चालवत, सगळ्या गावातून मिरवत घरी ओढून आणलं.

एवढंच झालं असतं तरी भागलं असतं. पण दारात पोचल्यावर सासरे बैलांची पाठ थोपटत म्हणाले, "जवाई, तुमच्या गाडीत दोन अन् माह्यापाशी दोन. पण माह्ये दोन चालतेत गा!"

सगळी आळी हसली. भाऊ नवे जावई, रक्त गरम. तिथंच उभ्याउभ्या बोलून गेले, "मामाजी, तुमच्या पोरीले याच गाडीवर बसवून, हाच नाला पार करून दारात आणीन. नाई तं तुमच्या दारात पाय ठेवणार नाई."

आमच्याकडे सासऱ्याला मामाजी म्हणतात. तर मामाजींनी मान डोलावली. त्यांना वाटलं, पोरगं दोन दिवसांत विसरेल. पोरगं विसरलं नाही. मी खोली घेतली तेव्हा भाऊंच्या कानावरचे केस पांढरे झाले होते आणि त्या दारात त्यांनी अजून पाय ठेवला नव्हता. मेहुण्याचं लग्न झालं, सासू वारली, तेव्हासुद्धा हे नाल्याच्या अलीकडच्या काठावरून हात जोडून परत आले. सिस्टर प्रत्येक वेळी स्कूटीवर एकट्या जायच्या, आणि म्हातारा प्रत्येक वेळी त्यांच्या खांद्यावरून मागं पाहायचा.

इतक्या वर्षांत एक गाडी दुरुस्त होत नाही का, असं कुणीही विचारेल. मीही विचारलं. भाऊंनी माझ्याकडे कापूस पिकवणाऱ्या मुलखातल्या माणसाकडे पाहावं तसं पाहिलं. "दुरुस्त? साहेब, दुरुस्त तं कोनीबी करते. मी मसल बाइक बनवून राह्यलो." हा शब्द त्यांनी मोबाइलवरच्या व्हिडिओतून उचलला होता. मसल म्हणजे दंड, असं ते धानवाल्यांना समजावत, आणि शेडमधल्या त्या हाडांच्या सापळ्याकडे बोट दाखवत.

त्यांची पद्धतच न्यारी होती. त्यांच्या मते मोटरसायकल आणि पटाची जोडी यांत काहीही फरक नाही. डाव्या सिलिंडरचं नाव लखन, उजव्याचं कबऱ्या. लखन तापट, कबऱ्या आळशी. "जोडीचा मेळ बसला पाह्यजे," हे त्यांचं सगळ्यावरचं उत्तर. कार्बोरेटर लावला की मेळ. शेजारच्या नवराबायकोचं भांडण झालं की मेळ. आमच्या बँकेत दोन खिडक्या असून एकच चालू असते, त्यालाही मेळच नाही. कबऱ्याला एक दिवस जास्त तेल पाजलं तर दुसऱ्या दिवशी लखनला उपास घडे, कारण पटवाले म्हणे असंच करतात. पटवाल्यांना मी पुढं विचारलं. ते असं काही करत नाहीत.

बाकी गाडीत जुनं फार उरलं नव्हतं. ज्या ज्या वस्तूनं म्हणून त्या दिवशी दगा दिला, तिच्या जागी नव्या जमान्याची वस्तू आली. पाण्यात ठिणगी विझली म्हणून इलेक्ट्रॉनिक इग्निशन. उतारावर थांबली नाही म्हणून पुढं डिस्क ब्रेक. गोट्यांवरून उडाली म्हणून एका नव्याकोऱ्या अपघातग्रस्त गाडीचे शॉकअप. शिवाय एलईडीचा दिवा, आकडे दाखवणारं मीटर, ट्यूब नसलेले टायर. कुरियरवाल्याला आमच्या गल्लीत दुसऱ्या कुणाचं घर माहीतच नव्हतं. आणि जे कुरियरनं येत नसे ते घरातून येई. माझ्या कूलरचे नटबोल्ट एका उन्हाळ्यात कमी होत गेले, आणि कूलर एका बाजूला झुकून गार वारा छताला देऊ लागला. मी तक्रार केली. भाऊ म्हणाले, "साहेब, उन्हाळा तं दोन महिन्याचा हाय." सिस्टरच्या स्कूटीचा आरसा, हॉर्न, एकदा तर सीटखालची पिशवी अडकवायची कडीसुद्धा गेली. सिस्टर काही बोलत नसत. फक्त दुसऱ्या दिवशी भाऊंच्या ताटात वरण येत नसे.

एका पोळ्याची गोष्ट सांगतो. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांचे खांदे तूप-हळदीनं शेकतात. भाऊंकडे बैल नव्हते. त्यांनी दोन्ही सिलिंडर शेकले. सिस्टरनं बाळंतिणींसाठी आणलेलं घरचं तूप, अहो, घरचं! दुसऱ्या दिवशी गाव तोरणाखाली बैल घेऊन जमलं, तर हे हातगाडीवर इंजिन ठेवून हजर. इंजिनाला बेगड, वर मोरपीस, गळ्यात... म्हणजे जिथं गळा असता तिथं घुंगरमाळ. पाटलांनी हरकत घेतली की तोरणाखाली फक्त बैल. भाऊ म्हणाले, जोडी चालते ना? मग मोजा. पाटलांनी मोजले, दोन भरले. "जित्राब पाह्यजे," पाटील म्हणाले. त्यावर भाऊंनी तिथंच किक मारली. लखन-कबऱ्यांनी हळदीच्या वासाचा पिवळट धूर सोडला आणि सगळा पोळा मानाच्या बैलासकट वेळेआधीच फुटला. त्या वर्षी कुणाची जोडी पहिली आली हे शेवटपर्यंत ठरलं नाही. भाऊ मात्र ठाम होते की कबऱ्या थोडा मागं पडला.

आणि हत्तींचं. पलीकडच्या राज्यातून हत्तींचा कळप आमच्या भागात उतरतो आणि उभ्या धानात शिरतो, हे आता नेहमीचं झालंय. त्याच दिवसांत भाऊ कोरचीच्या रस्त्यावर गाडी पिटाळून पाहत होते. सायलेन्सरचं पोट त्यांनी त्या आठवड्यात काढून टाकलं होतं, आवाजाचा मेळ बसावा म्हणून. दुसऱ्या दिवशी वनरक्षक गिरणीत आला. मला वाटलं, आता दंड. पण तो हात जोडूनच उभा राहिला. म्हणाला, "भाऊ, तुमची गाडी गेली अन् हत्ती निघून गेले. फटाके, डबडे, मशाली, काहीच कामाचं नाई. चार दिवस गाडी देता का?" बाहेर तीन गावांचे शेतकरी उभे होते. दुसरा कोणी माणूस असता तर छाती फुगली असती. आमच्या भाऊंचे डोळे भरून आले. "मी हिले सासऱ्याच्या दारात न्यायले बनवून राह्यलो," ते म्हणाले, "अन् तुमी हिले बुजगावणं म्हणून राह्यले!" त्यांनी रागानं दोन दिवस गिरणी बंद ठेवली. गाडी मात्र दिली. चार दिवस स्वतः चालवून, हत्तींना रस्ता दाखवून आले. माझ्या माहितीत त्या गाडीनं खऱ्या कामात घालवलेले दिवस तेवढेच.

त्यानंतर मामाजी पडले. वय झालं होतं, मांडीचं हाड मोडलं. बाजेवरच दिवस काढू लागले. सिस्टर आठवड्याला जाऊन यायच्या. एका संध्याकाळी त्या ओट्यावर तांदूळ निवडत बसल्या होत्या. मी सहज विचारलं, बाबा कसे आहेत. त्यांचा हात सुपात थांबला.

"साहेब, बाबा आता मले वळखते, पण बाकीचे नावं विसरून राह्यले. याइचं नाव तेवढं नाई विसरत. रोज विचारते, जवाई आले का?" शेडकडे मान वळवून त्या जरा मोठ्यानं बोलल्या. "मले गाडी नाई पाह्यजे. मले डिस्क ब्रेक नाई पाह्यजे. बाबाचे डोळे उघडे हायत तोवर याइनं एकदा दारात यावं, एवढंच पाह्यजे. चालत आले तरी चालते."

शेडमधली खटपट थांबली. मग पुन्हा सुरू झाली, पण त्या दिवसापासून तिला घाई आली. मला त्या बाईचं फार वाईट वाटलं. आणि खरं सांगतो, त्या माणसाचा रागही आला. एका वाक्यासाठी माणूस किती वर्षं रुसून राहू शकतो, याला काही मर्यादा?

पण गाडी तयार झाली. दिवाळी होऊन गेली होती, बांधांवर धान कापून पडलेलं होतं. रविवारी सकाळी भाऊंनी गिरणीचं दार दोन्ही बाजूंनी उघडलं आणि गाडी बाहेर काढली. मी आजवर तिची टर उडवत आलो, पण त्या सकाळी गप्प बसलो. काळीभोर टाकी, तिच्यावर शेंदरी पट्टा, पुढून रेड्यासारखी रुंद आणि मागं निमुळती होत गेलेली. किक मारली तर लखन आणि कबऱ्या एका सुरात बोलले. मेळ बसला होता!

सिस्टर आतून आल्या. लग्नातली नसावी, पण जपून ठेवलेली हिरवी साडी नेसल्या होत्या. हातात वडिलांसाठी मऊ भाताचा डबा. त्या गाडीच्या मागं जाऊन उभ्या राहिल्या. बराच वेळ उभ्याच.

"मी कुठी बसू?"

भाऊंनी मागं वळून पाहिलं. मीही पाहिलं. रात्री नागपूरच्या गाडीनं आलेली सीट त्यांनी पहाटे बसवली होती. देखणी सीट. एका माणसाची. तिच्या मागं लगेच उंच निमुळतं शेपूट, त्यावर मांजर बसलं असतं तर घसरलं असतं. पटाच्या गाड्यावर एकच माणूस बसतो. भाऊंनी इतकी वर्षं पटाची जोडी बांधली, आणि ती कुणाला बसवून न्यायला बांधतोय एवढंच बांधता बांधता निसटलं. नागपूरच्या सीटवाल्याला त्यांनी स्वतः सांगितलं होतं, वजन कमी पाहिजे.

भाऊंचा चेहरा पाहवत नव्हता. कपाळाचा घाम पुसत ते म्हणाले, "दुसरी सीट बोलावतो. आठ दिवसात येईन. मंग जाऊ."

"बाबाजवळ आठ दिवस हायत, हे कोनी सांगतलं तुमाले?"

"मंग... मी गाडी घेऊन होतो पुढं. तू स्कूटीनं ये."

सिस्टर हसल्या. त्यांना हसताना मी कितीदा पाहिलं असेल, पण ते हसू वेगळं होतं. "तुमी बाबाले काय बोलले होते? पोरीले या गाडीवर बसवून आणीन. पोरीले. तुमी बसान, असं कुठी बोलले?"

त्यांनी डबा माझ्या हातात दिला, पदर कमरेला खोचला, आणि त्या एका माणसाच्या सीटवर बसल्या. इतकी वर्षं जंगलातल्या चिखलाच्या वाटा तुडवलेली बाई ती, तिला गियर तेवढे विचारावे लागले. तेही भाऊंनी एकेक करून सांगितले. दुसऱ्याच क्षणी गल्लीत नुसता धूर उरला, आणि गल्लीच्या दोन्ही बाजूंचे सगळे आरसे, मला खात्री आहे, भिंतींवरून खाली आले.

आम्ही स्कूटीवर मागून निघालो. चालवायला भाऊ, मागं मी. एका हातात डबा, दुसऱ्या हातात तेल मिसळलेल्या पेट्रोलची कॅन, कारण लखन आणि कबऱ्या दोघेही खादाड. वाटभर लोक सांगत होते, "सिस्टर गेल्या समोर, लय जोरात!" भाऊ प्रत्येकाला विचारत, "आवाज कसा होता? एकच होता ना?" आपली गाडी आपल्याशिवाय धावतेय याचं दुःख होतं, पण मेळ टिकलाय याचं समाधान जास्त होतं. माणूस असा.

नाला आला. मधोमध गुडघाभर पाणी, खाली गोटे. पलीकडच्या काठावर चाकाची ओली रेघ वर चढून गेलेली. गाडी पार झाली होती. भाऊंनी ती रेघ पाहिली, स्कूटी थांबवली आणि डोळे मिटून हात जोडले. मग आम्ही पाण्यात शिरलो, आणि बरोब्बर मध्यावर स्कूटी बंद पडली.

भाऊंनी बटण दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं. बारीकसा उसासा आला.

"बॅटरी," मी म्हणालो.

"ते गाडीले लावली," भाऊ पाण्याकडे पाहत म्हणाले. "इग्निशनले नवी पाह्यजे होती ना. हिची नवीन होती. हिले जुनी लावून देल्ली."

किकही मारून पाहिली. त्यांची एक चप्पल पुन्हा गेली.

तेवढ्यात पलीकडच्या काठावरून घुंगरं वाजली. पळसाच्या सावलीत एक बैलजोडी उभी होती, मानेवर जू, हातात दोर घेऊन शेजारी भाऊंचा मेहुणा.

"किती वेळचा उभा हाव, भाऊजी!" तो ओरडला. "ताई मगाच गेली. रात्री तिचा फोन आला, तं बाबानं सकाळीच पाठवलं मले. म्हणे, आज जवाई येऊन राह्यले, नाल्यावर जोडी घेऊन उभा राह्य."

त्यानं जोडी पाण्यात घातली. दोर स्कूटीच्या हँडलला भाऊंनी स्वतःच्याच हातानं बांधला, आणि गाठ नीट बसलीय की नाही ते ओढून पाहिलं. मग ज्या गावातून ते इतक्या वर्षांपूर्वी ओढले गेले होते, त्याच गावातून, त्याच वाटेनं, स्कूटीचं हँडल सरळ धरून, एका पायात चप्पल, पुन्हा ओढले गेले. लेकरं मागं धावत होती. म्हाताऱ्या बाया दारात येऊन तोंडाला पदर लावत होत्या. मी डबा आणि कॅन सांभाळत शेजारून चालत होतो आणि मला हसू येत नव्हतं.

अंगणात मोहाच्या झाडाखाली बाज टाकलेली. तिच्या अगदी जवळ ती काळी गाडी उभी, अजून गरम. बाजेवर उशांना टेकवून बसवलेले मामाजी, म्हणजे नुसती कातडी आणि डोळे. एक हात गाडीच्या टाकीवर ठेवलेला, बैलाच्या पाठीवर ठेवतात तसा. शेजारी सिस्टर उभ्या, पदर अजून कमरेला खोचलेलाच.

बैल थांबले. भाऊ उतरले. उंबरठा नव्हताच, पण जिथं अंगण सुरू होतं तिथं ते क्षणभर अडखळले, आणि मग आत आले. पाया पडले. म्हातारा त्यांच्याकडे पाहत राहिला. नाव आठवतंय की नाही, कळेना.

काहीतरी बोलायला पाहिजे होतं. भाऊ म्हणाले, "मामाजी, तुमचा उजवा बैल पाय मागं टाकते. मेळ नाई."

"मालूम हाय," म्हातारा म्हणाला. आवाज खोल गेलेला, पण खणखणीत. मग त्यानं गाडीची सीट चाचपली. पुढून मागं, मागून पुढं. मागं हात शेपटावरून घसरला.

"एकच माणूस बसते का गा हिच्यावर?"

भाऊंनी मान खाली घातली. "हो, मामाजी."

म्हाताऱ्यानं दोन्ही हातांनी आपला मोडका पाय उचलला, कण्हत बाजेच्या कडेला सरकला आणि शेजारच्या रिकाम्या सुंभावर तळवा आपटला.

"इथी बसा, जवाई. बाजेवर दोघाची जागा हाय."